कवळीअप्पा आणि विमानाचे पाय

आमच्या भागात साठी ओलांडलेलं माणूस तोंडभर हसलं, की ते हसू बहुधा कवळीअप्पांच्या हातचं असायचं. बसवकल्याणपासून उमरग्यापर्यंत किती तरी माजी सरपंच, निवृत्त मास्तर आणि सुनांवर डाफरणाऱ्या सासवा अप्पांच्या दातांनी जेवत आणि अप्पांच्याच दातांनी भांडत. खुद्द अप्पांच्या तोंडात मात्र औषधालासुद्धा दात नव्हता. ते हसले की नुसत्या गुलाबी हिरड्या दिसायच्या, आणि ते हसायचे फार.

मी दातांची डॉक्टर होऊन बसवकल्याणात नवा दवाखाना थाटला, तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांना याचं कारण विचारलं. अप्पांनी ते जमिनीच्या उताऱ्यासारखं वाचून दाखवलं. "डॉक्टरबाई, आपल्या तोंडाचं माप आपल्याला घेता येत न्हाई. आन् दुसऱ्याच्या हातावर आपला भरवसा न्हाई. मग गप बसलोय, नऊ साल झालं."

आमच्या धंद्याची रीत अशी, की डॉक्टरनं पेशंटच्या तोंडाचं माप घ्यायचं, त्यात प्लॅस्टर ओतून हिरड्यांचा साचा करायचा आणि तो कारागिराकडे पाठवायचा. कारागीर, म्हणजे आमच्या भागात अप्पा, त्या साच्यावर कवळी घडवतो. प्लॅस्टर ओतताना हवेचा बुडबुडा राहिला, तर साच्यावर खळगा पडतो. त्या खळग्याचा कवळीवर उंचवटा होतो आणि तो उंचवटा हिरडीला टोचतो. माझ्या प्लॅस्टरात त्या काळी बुडबुडे फार. अप्पा माझा साचा खिडकीच्या उजेडात धरायचे, फिरवायचे आणि निळ्या पेन्सिलीनं चिठ्ठीवर एकच शब्द लिहून तो माघारी धाडायचे. "परत." सोबत तोंडी निरोप असायचा, की दही लावतानासुद्धा एवढे बुडबुडे येत नाहीत.

बाकीच्या डॉक्टरांच्या साच्यांतही खळगे असत. ते अप्पा मुकाट्यानं मेणानं बुजवून टाकत, कुणाला कळतही नसे. दोन मिनिटांचं काम. हे मला समजलं तेव्हा मी तणतणत त्यांच्या दुकानात गेले. अप्पांचे वडील चिंताकीला मेंढरं राखायचे, आणि मेंढराचं वय दातांवरून ठरवायची घरची सवय अप्पांनी माणसांनाही लावली होती. ते म्हणाले, "त्ये डॉक्टर जुळलेले हायत, बाई. त्यांचे सगळे दात येऊन गेले, आता काय शिकायचेत? तुमी अजून दोनदाती. तुमचं मी बुजवलं, तर तुमी जन्मभर बुडबुडेच काढशाल."

आमच्या घराण्यातली मी पहिली डॉक्टर. ठाणाकुशनूरच्या शाळेत मास्तर असलेल्या माझ्या वडिलांनी दवाखान्याची पाटी स्वतः दोनदा पुसून लावली होती, आणि इथे एक बोळका म्हातारा मला मेंढराच्या वर्गात बसवत होता. मी मनाशी एकच ठरवलं, की एक दिवस हा माणूस माझ्या खुर्चीत बसेल, तोंड उघडेल आणि माझ्या हातानं माप देईल. त्यापुढे मला कुठलीच पदवी मोठी वाटेना.

या कामी मला एक जोडीदारीण मिळाली. अप्पांच्या बायकोला सगळं गाव अक्का म्हणायचं. त्यांच्या हातची कडक भाकरी अशी, की दोन-दोन महिने टिकावी आणि मोडली तर शेजारच्या घरात ऐकू जावं. एका दुपारी त्या दवाखान्यात येऊन बाकावर बसल्या आणि नंबर आल्यावर म्हणाल्या, "माझे दात चांगले हायत. त्यांचं काय तर बघा. नऊ साल माझी भाकरी आमटीत भिजवून खायलेत. कडक भाकरी भिजवायची व्हती तर मी कामून कडक करायलेय?" मग म्हणाल्या, "मोडल्याचा आवाज तेवढा ऐकायचाय मला." मी त्यांना शब्द दिला. शब्द देणं सोपं होतं.

नेमकं याच सुमाराला अप्पांच्या आयुष्यात विमान आलं.

बीदरला वायुदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. सगळे त्यांना सार्जंट म्हणायचे. उभी नोकरी विमानाच्या पोटाखाली पाना घेऊन काढलेली, आणि निवृत्तीनंतर घरात प्लॅस्टिकची छोटी विमानं जुळवायचा नाद. परदेशातून खोक्यात सुटे भाग येतात, ते कापून, घासून, चिकटवून, रंगवून हुबेहूब विमान करायचं. सार्जंट आले होते तडकलेली कवळी घेऊन. अप्पांच्या टेबलावर त्यांना धातूची ओतीव कामं दिसली, कवळी अडकवायचे काडीएवढे बारीक आकडे आणि पट्ट्या. त्यांनी कवळी बाजूला ठेवली आणि खिशातून काडेपेटी काढली. तीत कापसात गुंडाळलेला, विमानाच्या चाकाचा मोडका पाय होता.

"अप्पा, ह्या प्लॅस्टिकच्या पायांनी मला वैताग आणलाय," ते म्हणाले. "विमानाच्या नाकात शिसं भरावं लागतंय, न्हाईतर ते शेपटीवर बसतंय. शिसं भरलं की नाकाखालचा पाय वाकतोय. माझ्या कपाटातली सगळी विमानं नमाजाला बसल्यावानी गुडघे टेकून हायत."

अप्पांनी पाय हातात घेतला आणि पुढे जो प्रश्न त्यांनी शंभरदा विचारला, तो पहिल्यांदा विचारला. "भार कुठं पडायलाय?"

मोडक्या पायावरून नवा पाय करून द्या, एवढंच सार्जंटांचं मागणं होतं. पण तोंड पाहिल्याशिवाय दात करत नाहीत, तसं विमान पाहिल्याशिवाय पाय होणार नाही, असं अप्पांनी साफ सांगितलं. मग सार्जंट मांडीवर खोकं घेऊन हुमनाबादमार्गे बसनं आले. अप्पांनी विमान उलटं केलं, पोटावर बोट दाबलं, नाक दाबलं, आणि पेशंटचं वय विचारलं. मेणाचा पाय कोरला. त्यावर कवळीच्या पट्टीसारखाच, भट्टीत न तडकणारा प्लॅस्टरचा मसाला चढवला, भट्टीत घालून मेण वितळवून काढलं आणि त्या पोकळीत दातांचाच धातू ओतला. चार दिवसांत तीन पाय तयार झाले. चकचकीत, सुईएवढ्या सांध्यांसकट.

मग त्यांनी जे केलं ते मी स्वतः पाहिलं. नवी कवळी बसवल्यावर चाव नीट आहे का, हे पाहायला आम्ही पेशंटच्या दातांत निळा कागद धरतो. जिथे भार पडतो तिथे निळा ठिपका उमटतो. अप्पांनी काच ठेवली, तिच्यावर निळा कागद पसरला आणि विमान अलगद उभं केलं. उचललं तर पुढच्या आणि उजव्या चाकाला गडद ठिपका, डाव्याला पुसट. घासलं, परत ठेवलं. पाचव्या खेपेला तिन्ही चाकांना सारखे ठिपके उमटले. अप्पा म्हणाले, "चावलं." सार्जंट खुर्चीतून उठले आणि दातांच्या दुकानात त्यांनी विमानाला सलाम केला. त्या नादात त्यांची स्वतःची कवळी टेबलावरच राहिली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा यावं लागलं.

सार्जंटांनी फोनवर फोटो टाकले आणि ते फोटो विमानवेड्यांच्या जगात फिरले. असं जग असतं, हेच मला ठाऊक नव्हतं. पुणे, हैदराबाद, बेंगळूरहून खोकी येऊ लागली. कुणाला नाकावरची सुई धातूची हवी, कुणाला तोफेच्या नळ्या. अप्पांनी सगळ्यांना एकच कळवलं, की पाय करीन, बाकी काही नाही. "नळ्या शोभेच्या हायत. त्यांच्यावर कसला भार? शोभेचं काम सोनाराकडं न्या." आणि पाय हवा असेल तर अख्खं विमान पाठवायचं, हा नियम कायम. काचेच्या कपाटात वर कवळ्या आणि खाली विमानं अशी मांडामांड झाली. ठाणाकुशनूरच्या एका आज्जी कवळी न्यायला आल्या आणि पाय वर करून पालथं पडलेलं विमान बघून म्हणाल्या, "ह्येला बी कवळी बसवायलात का, अप्पा?" अप्पा गंभीरपणे म्हणाले, "न्हाई आज्जी. ह्येचे दात चांगले हायत. पाय गेलेत."

माझी कामं मात्र रखडायला लागली. एक हेडमास्तर पंधरा दिवस खिचडीवर होते, म्हणून मी भांडायला गेले. अप्पा भिंगावरून नजर न काढता म्हणाले, "मास्तर बसून खायलेत की, बाई. ह्येला उभं ऱ्हायाचंय." तरी संध्याकाळपर्यंत मास्तरांची कवळी माझ्या टेबलावर होती, आणि तिच्यात खोट काढायला जागा नव्हती. रागावण्याचीसुद्धा सोय नाही, असा हा माणूस.

इतक्या वर्षांत अप्पांचं काम कुणी माघारी पाठवल्याचं ऐकिवात नव्हतं. ते एकदाच झालं. बेंगळूरच्या एका साहेबांनी जुन्या लढाऊ विमानाचं मॉडेल पाठवलं आणि सोबत खऱ्या विमानाचा फोटो. ते विमान निवृत्त होऊन एका बागेत उभं होतं. अप्पांनी आठ दिवस त्या फोटोवर कंपास चालवला, पाय केले, हौसेनं चाकंही धातूची केली आणि खोकं रवाना केलं. साहेबांचा फोन आला, की विमान डावीकडे कलतंय. अप्पा म्हणाले, "फोटोत बी कलतंय. बघा तुमी."

सार्जंटांना बोलावणं गेलं. दुकानात आम्ही तिघं होतो. सार्जंटांनी भिंग लावलं, फोटो पाहिला, भिंग पुसलं, पुन्हा पाहिला. मग ते फार हळू आवाजात म्हणाले, "अप्पा, ह्ये पंक्चर हाय."

बागेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या त्या विमानाच्या डाव्या चाकातली हवा गेली होती, आणि अप्पांनी ते बसकं चाक, खाली दबून फुगलेल्या रबरासकट, केसाचाही फरक न करता धातूत उतरवलं होतं. मला हसू आवरेना. सार्जंट भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, त्यांचे खांदे हलत होते. अप्पा मात्र हसले नाहीत. पहिल्यांदाच मला त्यांच्या हिरड्या दिसल्या नाहीत. त्यांनी निळी पेन्सिल घेतली, कागदावर "परत" लिहिलं आणि तो कागद स्वतःसमोर ठेवला. मग साहेबांना फोन लावून खोकं माघारी मागितलं.

साहेब म्हणाले, की दोन दिवस ते विमान समोर ठेवून पाहतोय. त्या बागेत ते रोज सकाळी फिरायला जातात, आणि तिथलं विमान खरंच तसंच उभं आहे, थकून एका अंगावर भार टाकल्यासारखं. सरळ चाकांची विमानं सगळ्यांकडे आहेत. हे राहू द्या. मी नाही पाठवत.

अप्पांनी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले. "चुकलेलं ठेवून घेतला मानूस," एवढंच म्हणाले.

त्यानंतर आठवड्यानं, भर दुपारी, अप्पा माझ्या दवाखान्यात आले. चपला बाहेर काढल्या, टोपी काढून हातात धरली आणि खुर्चीत बसले. "घ्या माप."

मला वाटलं, चेष्टा करायलेत. ते म्हणाले, "मी पंक्चर चाक करून धाडलो, त्या साहेबानं ठेवून घेतलं. तुमचं चुकलं तर मी बी ठेवून घेईन की. त्यात काय मोठं हाय?" आणि त्यांनी तोंड उघडलं.

ज्या क्षणाची मी इतकी वाट पाहिली, त्या क्षणी माझे हात परीक्षेच्या दिवसासारखे थरथरत होते. तोंडात मापाचा लगदा असल्यामुळे अप्पांना बोलता येत नव्हतं, पण बोटानं त्यांचं सुरूच होतं. डावीकडे दाबा, वर धरा, थांबा, घाई नको. मी लगदा काढला, पुन्हा पुन्हा पाहिला, प्लॅस्टर कालवलं, बुडबुडे निघावेत म्हणून भांडं इतक्या वेळा टेबलावर आपटलं की बाहेरचे पेशंट आत डोकावले. दुसऱ्या दिवशी साचा फडक्यात बांधून पाठवला. आता दात तेच करणार होते, फक्त माप माझं होतं. मी चिठ्ठीची वाट पाहू लागले. एक आठवडा गेला, दुसरा गेला. "परत" काही आलं नाही.

येळवसेला, म्हणजे शेतात पूजा करून जेवायच्या अमावास्येला, अक्कांनी मला चिंताकीच्या शेतात जेवायला बोलावलं. कडब्याच्या खोपीत पूजा झाली, भाज्या-शेंगांची भज्जी आणि आंबील वाढून झाली, आणि अक्कांनी सवयीनं अप्पांच्या पुढे भाकरी भिजवायला आमटीची वाटी सरकवली. अप्पांनी वाटी बाजूला ठेवली. कडक भाकरीचा मोठा तुकडा तोंडात घातला आणि मोडला. तो आवाज पलीकडच्या तुरीत गेला असणार. अक्का वाढता वाढता थांबल्या, हातात पळी तशीच. "परत," त्या म्हणाल्या. अप्पांनी परत मोडली. त्या दिवशी पंगतीत कुणाच्या लक्षात आलं असेल-नसेल, पण मी इतकी खुश होते की आंबील तीनदा मागून घेतली.

डॉक्टरी डोळा तरी गप्प बसत नाही. अप्पा उजव्या बाजूनंच चावत होते. मी विचारलं, तर म्हणाले, सवय आहे. पुढे किती तरी वेळा सांगितलं, की एकदा दवाखान्यात या, कवळी काढून बघू द्या. ते म्हणायचे, "बसलीय की झकास. आता परत तोंड उघडणार न्हाई." आणि माझे साचेही त्यानंतर परत येईनासे झाले. मला वाटलं, मी जुळले.

त्यानंतर दीड वर्ष ते होते. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि गेले. सार्जंट बीदरहून आले, सगळं उरकेपर्यंत ताठ उभे राहिले आणि परतीच्या बसमध्ये बसताना म्हणाले, "बाई, कपाटात एक बी विमान आता गुडघ्यावर न्हाई." आजही नवी कवळी बसवली की मी निळा कागद काढते आणि माझ्या तोंडून "भार कुठं पडायलाय" हेच येतं. पेशंट दचकतात.

अप्पा गेल्यावर पंधरा दिवसांनी अक्का दवाखान्यात आल्या. बाकावर बसल्या, नंबर आल्यावरच आत आल्या. पदराखालून त्यांनी विमानाच्या भागांचं एक रिकामं खोकं काढलं. आत कापसात अप्पांची कवळी होती आणि फडक्यात बांधलेला माझा साचा. "चांगलं काम हाय, वाया कामून घालवायचं?" त्या म्हणाल्या. "कुनाला बसंल का बघा."

मी कवळी उलटी करून त्यावरून बोट फिरवलं. डाव्या बाजूला, आतून, मसुराच्या दाण्याएवढा उंचवटा होता. मी फडकं सोडलं. साच्यावर त्याच जागी मसुराएवढा खळगा. माझा बुडबुडा. दोन मिनिटांत मेणानं बुजला असता. गावभरच्या डॉक्टरांचे खळगे बुजवणाऱ्या या माणसानं स्वतःच्या तोंडातला तेवढा ठेवला होता, आणि दीड वर्ष त्याच्यावरून उजवीकडे भार टाकत भाकरी मोडली होती. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

"टोचत व्हतं त्यांना, अक्का. मला कामून सांगितलं न्हाई?"

"मी म्हनले व्हते, घासून घ्या म्हनून," अक्का म्हणाल्या. "तेनी म्हनले, घासलं तर ते माझं माप हुईल. ह्ये बाईचं हाय. परत पाठवलं तर तिचा हात कायमचा थरथरंल. पंक्चर हाय, ऱ्हाऊ दे." त्यांनी पदरानं खोक्याच्या झाकणावरची धूळ पुसली. "मग? बसंल का कुनाला?"

मी कवळी पुन्हा कापसात ठेवली आणि खोकं त्यांच्या हातात दिलं.

"न्हाई अक्का. ह्ये दुसऱ्या कुनालाच बसायचं न्हाई."